वाई ते कऱ्हाड : कृष्णाकाठाने सायकलीवरून

प्रवासवर्णन म्हटले की काशी-रामेश्वर, किंवा निदान समुद्रापलीकडचा एखादा देश तरी हवा, अशी वाचकांची अपेक्षा असते आणि ती रास्तही आहे. प्रस्तुत लेखकाचा प्रवास मात्र अवघा शंभर-सव्वाशे किलोमीटरांचा असून तो एका जिल्ह्यात सुरू होऊन त्याच जिल्ह्यात संपला. वाहन म्हणाल तर दोन चाकांचे, आणि ते हाकणारा साठी ओलांडलेला, सेवानिवृत्त शाळामास्तर! तरीही हा वृत्तान्त वाचकांपुढे ठेवण्याचे धाडस करीत आहे, त्यास दोन कारणे आहेत. पहिले असे की, कृष्णेचे हे खोरे जणू सायकलीकरिताच निर्माण झाले आहे, आणि घरोघरच्या मुलामुलींनी व वडीलधाऱ्यांनी त्याचा लाभ घ्यावा असे मला मनापासून वाटते. दुसरे कारण ओघाने येईलच.

प्रथम थोडा भूगोल, कारण मास्तराची सवय सहजी सुटत नाही. क्षेत्र महाबळेश्वरी पंचगंगेच्या देवळात उगम पावलेली कृष्णा सुमारे १४०० किलोमीटर वाहून पूर्वसमुद्रास मिळते. डोंगर उतरून ती वाईस येते तेव्हाच तिचा बाल्यातला अवखळपणा संपलेला असतो. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे आणि कऱ्हाड सुमारे ५७० मीटरांवर. आम्ही धरलेली वाट एकशेदहा किलोमीटरांची. म्हणजे दर किलोमीटरास सरासरी सव्वा मीटरही उतार पडत नाही. वाटेत लहानसहान चढ आहेत, परंतु ज्याच्यापुढे सायकलीने हात टेकावेत असा घाट एकही नाही. खेरीज सातारा रोड, कोरेगाव, रहिमतपूर, मसूर अशी पुणे-मिरज लोहमार्गाची स्थानके काठाकाठाने असल्यामुळे, थकलेल्याची अगदीच निराधार अवस्था होत नाही.

नवशिक्यांनी आरंभ करावा तो वाई-मेणवली-धोम या मार्गाने. ढोल्या गणपतीचे दर्शन घ्यावे. हे देऊळ रास्ते घराण्यातील गणपतराव भिकाजी यांनी १७६२ मध्ये बांधले. नदीच्या पुराचा जोर फुटावा म्हणून त्याची मागली भिंत माशाच्या आकारासारखी निमुळती केली आहे. तेथून तीन-चार किलोमीटरांवर मेणवली. नाना फडणविसांचा वाडा, त्यामागचा चंद्रकोरीसारखा घाट, आणि वसईच्या १७३९ च्या मोहिमेतून आली असे सांगतात ती पोर्तुगीज घंटा, ही सारी येथे एकत्र पाहावयास मिळतात. पुढे धोमचे नृसिंहाचे देऊळ आणि त्याच्याही पलीकडे धोम धरणाची भिंत. सकाळी सहास निघालेला मनुष्य दहाच्या आत घरी येऊन स्नानसंध्या उरकू शकतो.

याच घाटावर गेल्या वैशाखात या प्रवासाचे बीज पडले. माझी नात अकरावीत आहे. तिला गिअरची सायकल आणली तेव्हापासून सकाळच्या फेरीस ती माझ्याबरोबर असते. त्या दिवशी घाटाच्या पायरीवर बसून आम्ही शिदोरी सोडली होती. तिच्या महाविद्यालयात स्त्रियांच्या वारसाहक्कावर वादविवाद व्हावयाचा होता आणि तिने त्याची तयारी केली होती. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीस पित्याच्या मिळकतीत वाटा दिला, आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलार्जित मिळकतीत ती मुलाप्रमाणेच जन्मतः सहहिस्सेदार ठरली, हे सर्व तिने मजला नीट समजावून सांगितले. मीही कौतुकाने ऐकत होतो. मग एकाएकी तिने विचारले, "आजोबा, आपल्या वाड्यातला अक्काआजींचा वाटा त्यांना मिळाला का हो?"

मी म्हणालो, "तिने हक्कसोडपत्र करून दिले."

"त्यांनी करून दिले, की तुम्ही करून घेतले?"

कर्तरी आणि कर्मणी हे प्रयोग मी जन्मभर शिकवले. क्रियापदाचा कर्ता बदलला म्हणजे अर्थ कसा पालटतो, हे मात्र मजला त्या घाटावर बसून एका मुलीकडून शिकावे लागले. मी उत्तर दिले नाही. सायकलीच्या चाकात हवा कमी आहे असे म्हणून उठलो.

खरी हकीकत अशी. अक्का माझी वडील बहीण. तिचे लग्न होऊन ती कऱ्हाडास गेली, तेव्हा मी मराठी शाळेत होतो. तात्या गेल्यावर आमचा वाडा माझ्या व धाकट्या बंधूंच्या नावावर व्हावयाचा होता आणि मागील परसाची जागा विकावयाची होती. 'बहिणीची सही तेवढी घ्या,' असे वकिलांनी सांगितले. आम्ही भाड्याची मोटार पाठवून अक्काला वाईस आणले. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत तिने निमूटपणे सही केली, अंगठा उमटवला. आम्ही तिला साडी-चोळी दिली, खण-नारळाने ओटी भरली, आणि मोटारवाल्याचे भाडे चढू नये म्हणून दिवेलागणीच्या आत परत पाठवले. वाड्यात ती दहा मिनिटेही टेकली नसेल. या गोष्टीला अकरा वर्षे झाली. दरवर्षी मी भाऊबीजेस एस्टीने जात होतो, ओवाळून घेत होतो, आणि तबकात पाचशेची नोट टाकून परतत होतो. याविषयी ती कधी बोलली नाही, म्हणून बोलण्यासारखे काही नाही, अशी मी आपली समजूत करून घेतली होती.

वैशाख ते आश्विन हा काळ माझा हिशेबात गेला. हिशेब तसा सोपा होता. तीन भावंडांत तीन वाटे. परसाच्या विक्रीचे पैसे आम्ही दोघा भावांनी निम्मेनिम्मे घेतले होते, तेव्हा प्रत्येकाच्या निम्म्यातला तिसरा हिस्सा अक्काचा. धाकट्यास विचारले. त्याने 'बघू' म्हटले. घरात सांगितले, तेव्हा सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, "अहो, हे आधीच व्हायला हवे होते." मुदतीची ठेव मोडून मी धनादेश लिहिला आणि तो लखोट्यात घातला.

पोष्टाने पाठवावा, तर ते कर्ज फेडल्यासारखे दिसले असते. एस्टीने जावे, तर तोच जुना भाऊबीजेचा शिरस्ता. तेव्हा तात्यांची आठवण झाली. एस्टी असतानाही तात्या दर दिवाळीस फराळाचा डबा कॅरिअरला बांधून सायकलीने अक्काकडे जात आणि दोन दिवस घेत. कोणी विचारले तर म्हणत, "लेकीच्या घरी जाताना घाई करू नये." मोटारीने केलेल्या घाईचे परिमार्जन सायकलीनेच करावे, असे मी ठरवले.

घरात अर्थातच गदारोळ झाला. चिरंजीव म्हणाले, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. सूनबाई म्हणाल्या, दिवाळीत रस्त्याला किती रहदारी! अखेर वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, नातीने सोबत जावे आणि हमरस्ता टाळावा, या तीन अटींवर परवानगी मिळाली. चौथी अट नातीची होती : डोक्यावर शिरस्त्राण घालावे. टोपीशिवाय जन्मात काही न घातलेल्या मस्तकावर ते कसे दिसत असेल, याचे वर्णन न केलेले बरे!

निघण्यापूर्वी दोन्ही सायकलींची चेन, ब्रेक आणि छर्रे पाहून घेतले. बरोबर पंप, दोन ट्यूबा, ठिगळे व सोल्यूशन, पाना, पाण्याच्या बाटल्या, गूळ-दाणे, दशम्या आणि चटणी घेतली. फराळाचा डबा कॅरिअरला, आणि लखोटा माझ्या सदऱ्याच्या आतल्या खिशात.

पाडव्याच्या पहाटे सौभाग्यवतींनी ओवाळले आणि आम्ही निघालो. वाईच्या सात घाटांवर धुके होते आणि गंगापुरीतून घंटेचा आवाज येत होता. सुरूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या जुन्या वडांची मजला लहानपणापासून ओढ आहे, परंतु आम्हाला पाचवडकडे जावयाचे होते. दोन्ही बाजूंस हळद, आले आणि ऊस. आल्याच्या शेतातून येणारा ओला, तिखट वास मोटारीत बसणाऱ्यास कधी मिळत नाही. उजव्या हातास वैराटगड उन्हात न्हात होता.

पाचवडपासून काही अंतर पुणे-बंगळूर महामार्गाच्या बाजूने जावे लागते. येथे वाचकांस आग्रहाने सांगतो की, महामार्गावर सायकल घालू नये. कडेचा सेवारस्ता असेल तेथे त्यानेच जावे, आणि फाटा येताच गावरस्त्यास लागावे. ट्रक शेजारून गेला म्हणजे त्याच्या वाऱ्यानेच सायकल ओढली जाते. हा तेवढा भाग सोडला तर सगळी वाट निर्धोक आहे.

लिंबच्या फाट्यावरून आत वळलो, आणि त्या गर्जनेतून एकदम कोंबड्याच्या आरवण्यात आलो. लिंबची बारा मोटांची विहीर पाहिल्याखेरीज कोणी पुढे जाऊ नये. भोसले घराण्यातील वीरूबाईंनी ती शके १६४१ ते १६४६ या काळात, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ मध्ये बांधविली. अष्टकोनी विहीर, तीस जोडलेली आयताकृती विहीर आणि दोहोंच्या मध्ये चक्क पाण्यावरचा महाल! बारा मोटा एकाच वेळी चालत, त्यांच्या जागा अद्याप ओळखता येतात. नातीने विचारले, "बांधणाऱ्या वीरूबाई, मग एवढा पैसा खर्च करण्याचा अधिकार त्यांना होता ना?" मी म्हणालो, "होता, म्हणून तर पाणी आहे." ती हसली. मला हसू आले नाही.

लिंब-गोव्यास कोटेश्वराच्या घाटावर दशम्या खाल्ल्या, दोन घटका झाडाखाली आडवे झालो आणि गावरस्त्यांनी संध्याकाळी माहुलीस पोचलो. दिवसाची चाल पंचेचाळीस किलोमीटर. येथे कृष्णेस वेण्णा मिळते. एका काठी संगम माहुली, दुसऱ्या काठी क्षेत्र माहुली. विश्वेश्वराचे काळ्या पाषाणाचे देऊळ, नदीत उतरलेले घाट आणि छत्रपतींच्या घराण्यातील समाध्या पाहताना सातारच्या वैभवकाळाची कल्पना येते. निःस्पृहपणाबद्दल ज्यांचे नाव महाराष्ट्र घेतो, ते रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे. पेशवे असोत की आप्त असोत, न्यायासनापुढे सारखेच, हा त्यांचा बाणा वर्गात मी किती वर्षे आवेशाने शिकवला! त्या संध्याकाळी त्यांच्या गावच्या घाटावर बसताना खिशातला लखोटा मजला फार जड वाटला. अकरा वर्षांच्या विलंबास शास्त्रीबोवांनी कोणता दंड सांगितला असता, कोण जाणे.

रात्री एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी मुक्काम केला. त्याच्या मातोश्रींनी नातीचे पाय कोमट पाण्याने शेकविले, आणि माझेही शेकविण्याचा आग्रह केला. तो मी संकोचाने नाकारला, याचा दुसऱ्या दिवशी पश्चात्ताप झाला.

भाऊबीजेची सकाळ. आम्ही कृष्णेच्या डाव्या काठाने अंगापूरवरून रहिमतपूरच्या दिशेने निघालो. अंगापूरच्या डोहात समर्थ रामदासांना श्रीरामाची मूर्ती मिळाली आणि तीच चाफळास स्थापिली, अशी परंपरा आहे. या बाजूस रस्ता अरुंद असला तरी रहदारी थोडी असते. कारखान्यांचा गळीत हंगाम तोंडावर आला होता. बीडकडची ऊसतोड मंडळी बैलगाड्यांत बिऱ्हाड घालून आली होती, आणि दिवाळीच्या सणात त्यांची पोरे पाचटाच्या खोपटांसमोर खेळत होती. एका खोपटाच्या दारात पणती होती. नातीने डब्यातले लाडू काढून त्या पोरांना वाटले. अक्काच्या फराळातले ते होते, पण मी काही बोललो नाही.

येथे आणखी एक सूचना : उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर समोरून आला म्हणजे सायकलीवरून उतरून बाजूस उभे राहावे. बाहेर लोंबणारे ऊस सायकलस्वारास दिसण्याआधीच लागतात, आणि ट्रॅक्टरवर गाणी इतकी मोठ्याने चाललेली असतात की घंटीचा उपयोग होत नाही.

रहिमतपूर सोडल्यावर माझ्या मागच्या चाकात बाभळीचा काटा गेला. ठिगळ लावण्यात अर्धा तास गेला. त्यापुढच्या चढावर माझा दम संपला. चढ फार नव्हता, तात्यांनी तो बसल्या बसल्या काढला असता. मी उतरून सायकल हातात धरून चालू लागलो. नात पुढे गेली होती, ती माथ्यावरून परत आली आणि काही न बोलता स्वतःही उतरून माझ्याबरोबर चालू लागली. त्या चढावर मजला दोन गोष्टी उमगल्या. एक, एवढा लांबचा प्रवास मी पुन्हा करीनच असे नाही. दुसरी, जे द्यावयाचे ते हातात बळ आहे तोवर स्वतः नेऊन द्यावे. मागाहून मुलांनी दिलेले ते वाटणीचे कागद होतात.

मसूरला समर्थस्थापित अकरा मारुतींपैकी एक आहे. त्याचे दर्शन घेऊन कोपर्डे, बनवडी या बाजूने उतरत आलो. वाटेत डावीकडे ओगलेवाडी राहते. १९१६ च्या सुमारास तेथे निघालेल्या काचकारखान्याचा 'प्रभाकर' कंदील ज्या घरात नव्हता, असे घर त्या काळी महाराष्ट्रात विरळा. आमच्या वाड्यातही होता, आणि त्याच्या काचा पुसण्याचे काम अक्काकडे असे. कारखाना पुढे बंद पडला, कंदीलही गेले. काचेवर राखेचे फडके फिरवणारे तिचे हात मात्र मला त्या वळणावर स्पष्ट दिसले.

सूर्य कलला असता कृष्णेचा पूल ओलांडून आम्ही कऱ्हाडात शिरलो. महाभारताच्या सभापर्वात सहदेवाच्या दिग्विजयात येणारे करहाटक ते हेच, असे विद्वान मानतात. उत्तरेकडून आलेली कृष्णा आणि समोरून आलेली कोयना येथे एकमेकींच्या मिठीत शिरतात, आणि मग दोघी मिळून पूर्वेस वळतात. बहुतेक नद्या एकमेकींस तिरप्या मिळतात, या समोरासमोर मिळतात म्हणून हा प्रीतिसंगम. तेथेच यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. आम्ही हातपाय धुतले, नातीने माझ्या सदऱ्यावरची धूळ झटकली, आणि दिवेलागणीस अक्काच्या दारात घंटी वाजवली.

अक्का आता शहात्तर वर्षांची आहे. तिने मला, सायकलीला आणि शिरस्त्राणाला आळीपाळीने पाहिले आणि म्हणाली, "तात्यांसारखाच वेडा आहेस!" न्हाणे झाले, पाट मांडला गेला. तिने ओवाळले आणि मी तबकात लखोटा ठेवला. तिने तो तेथेच उघडला, चष्मा लावून आकडा दोनदा वाचला.

"हे कसले रे?"

"वाड्यातला तुझा वाटा, अक्का. माझ्याकडून निघतो तेवढा. हिशेब आत लिहिला आहे."

मनात मी पुढचे बोलणे ठरवून ठेवले होते. ती 'नको' म्हणेल, मी आग्रह करीन, तिचे डोळे भरतील, इत्यादी. कथा-कादंबऱ्यांतून असेच होते. अक्का कागदाची घडी करीत शांतपणे म्हणाली, "घेते. तेव्हाही घेतला असता. तुम्ही कुणी विचारलंच नाहीत."

थोड्या वेळाने ती म्हणाली, "त्या दिवशी मला परसातला तुळशीचा कट्टा बघायचा होता. आईनं माझ्या हातून त्याला पहिल्यांदा सारवून घेतलं होतं. पण मोटार उभी होती, म्हणून नाही बोलले."

तो कट्टा आता नाही. त्या जागेवर दुसऱ्याची इमारत उभी आहे. हे मी तिला सांगितले. तिने मान हलवली, आणि नातीच्या पानात आणखी एक करंजी वाढली.

वाचकहो, हेच ते दुसरे कारण. वाटा हिशेबाने परत करता येतो, कट्टा येत नाही. आपल्या घराघरांतून असली हक्कसोडपत्रे कपाटात पडून असतील. सही कायदेशीर असते, मुद्रांकही पुरता असतो, आणि बहीण दर भाऊबीजेस हसतमुखाने ओवाळते. म्हणून तिला काही हवे नव्हते, असे समजू नये. तिला एकदा विचारावे, एवढेच माझे सांगणे आहे. आणि विचारावयास जाताना शक्य तर कृष्णाकाठच्या रस्त्याने, सायकलीवरून जावे. वाटेत विचार करावयास पुष्कळ वेळ मिळतो.

परतीस भाच्याने दोन्ही सायकली टेम्पोत घातल्या. माझ्या गुडघ्यांनी त्यास हरकत घेतली नाही. धाकट्या बंधूंस मी सर्व सांगितले आहे, त्यांनी अद्याप 'बघू' यापलीकडे उत्तर दिलेले नाही. येत्या कृष्णाबाईच्या उत्सवास अक्का वाईस येणार आहे. तिला आणावयास मोटार पाठवावी लागेल, कारण वय झाले. या खेपेस मात्र मोटारवाल्यास परतीची वेळ सांगितलेली नाही.